इन्स्ट्रक्शनल डिझायनरसाठी साधं प्रोजेक्ट मॅनेजमेंट: ४५ मिनिटांचा कोर्स नऊ आठवड्यांत कसा उभा करायचा

स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक स्क्रीनवर काय दिसेल आणि काय ऐकू येईल याचा लेखी आराखडा, लिहायला सहा दिवस लागतात आणि तो तपासून परत यायला अकरा. मग आवाज रेकॉर्ड होतो, स्क्रीन तयार होतात, आणि तेव्हा कुणीतरी सांगतं की चौदाव्या स्क्रीनवरचा आकडा चुकलाय. ई-लर्निंगचे बहुतेक प्रोजेक्ट याच दोन जागी अडकतात: मंजुरीची वाट बघताना आणि मंजुरीनंतरच्या बदलांत. या दोन जागा नीट बांधून घेतल्या तर महागड्या सॉफ्टवेअरची गरज पडत नाही. एक स्प्रेडशीट, एका पानाचा करार आणि दर शुक्रवारचा मेल एवढ्यावर काम निभावतं.

उदाहरण एकच घेऊन शेवटपर्यंत जाऊ. एका सहकारी बँकेला काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांसाठी केवायसीवर ४५ मिनिटांचा मराठी कोर्स हवा आहे. पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन भाग, एकूण ४० स्क्रीन, निवेदन, शेवटी चाचणी, आणि बँकेच्या एलएमएसवर (कोर्स चालवणारी आणि कुणी काय पूर्ण केलं याची नोंद ठेवणारी प्रणाली) चालणारं स्कॉर्म १.२ पॅकेज (कोर्स एलएमएसला समजावा म्हणून ठरलेल्या साच्यात बांधलेली फाइल). तुमच्या बाजूला तुम्ही, म्हणजे कोर्स आखणारे आणि लिहिणारे इन्स्ट्रक्शनल डिझायनर, एक ग्राफिक्स आणि डेव्हलपमेंट करणारा सहकारी, आणि बाहेरचा निवेदक. बँकेच्या बाजूला एचआरमधली एक व्यक्ती आणि केवायसी विभागातला एक विषयतज्ज्ञ.

आधी एक पान लिहा

पहिल्या बैठकीनंतर २४ तासांच्या आत एका पानावर सगळं उतरवून क्लायंटला पाठवा आणि त्यावर लेखी होकार घ्या. पानावर या गोष्टी हव्यात: कोर्स कुणासाठी आहे, तो केल्यावर माणसाला काउंटरवर नेमकं काय करता आलं पाहिजे, किती मिनिटं, किती स्क्रीन, कोणत्या भाषेत, कोणत्या एलएमएसवर, कोणत्या तारखेला सुरू करायचा, तपासणीच्या फेऱ्या किती, आणि अंतिम सही कुणाची.

दुसरा मुद्दा बहुतेकांकडून ढिसाळ लिहिला जातो. ‘कर्मचाऱ्यांना केवायसीची माहिती होईल’ यावरून काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरत नाही. ‘ग्राहकाने दिलेला कागद अधिकृत वैध दस्तऐवजांच्या यादीत बसतो की नाही हे कर्मचारी काउंटरवर ठरवू शकेल’ असं लिहिलं की परिपत्रकाचा इतिहास आपोआप बाहेर जातो. पुढे ‘हेही घाला ना’ असं कुणी म्हणालं, तर याच वाक्याकडे बोट दाखवता येतं.

त्याच पानावर ‘यात काय नाही’ असा वेगळा परिच्छेद असू द्या. या कोर्ससाठी तो असा होईल: हिंदी आवृत्ती नाही, कर्ज विभागाची प्रकरणं नाहीत, व्हिडिओ शूटिंग नाही, एलएमएसवर वापरकर्त्यांची नोंदणी आमच्याकडे नाही. हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण क्लायंटला त्याचा राग येत नाही. उलट दोन-तीन गोष्टी त्यांनी गृहीत धरलेल्या असतात, त्या पहिल्याच आठवड्यात उघड होतात.

सही एकाच माणसाची

विषयतज्ज्ञ दोन असोत की पाच, अंतिम मंजुरी देणारी व्यक्ती एकच हवी आणि तिचं नाव पानावर हवं. एक जण ‘भाषा सोपी करा’ म्हणतो, दुसरा ‘परिपत्रकातली भाषा जशीच्या तशी ठेवा’ म्हणतो. दोघांत निवाडा करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. तो घेऊ नका. घेतलात तर दोन्ही बाजूंचा दोष तुमच्याकडे येतो. दोन्ही शेरे शेजारी ठेवून सही करणाऱ्याकडे पाठवा आणि उत्तराची तारीख घाला.

बँकांमध्ये बदल्या होतात. सही करणारी व्यक्ती मध्येच दुसऱ्या शाखेत गेली तर तिच्या जागी कोण, हेही पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. नवीन आलेला अधिकारी झालेलं काम पुन्हा उघडतो, हा नेहमीचा अनुभव आहे. त्याच्यासमोर तारखांसह लेखी मंजुऱ्या ठेवता आल्या तर निम्मी चर्चा तिथेच थांबते.

तासांचा हिशेब

एकदम ‘दीड महिना लागेल’ असं सांगू नका. कामाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला तास लावा. आपल्या उदाहरणात:

तुमचे तास: विश्लेषण आणि बैठका १२, रूपरेषा ६, स्टोरीबोर्ड २७, तपासणीनंतरच्या दुरुस्त्या १०, टेस्टिंग ८, समन्वय २१. एकूण ८४.
सहकाऱ्याचे तास: ग्राफिक्स २४, बांधणी ३०, दुरुस्त्या १२, एलएमएसवर चढवून बघणं ३. एकूण ६९.
रेकॉर्डिंग आणि आवाजाचं एडिटिंग: ८.

बेरीज १६१ तास. समन्वयाचे २१ तास उरलेल्या १४० तासांच्या १५ टक्के धरले आहेत. मेल, फोन, फायली शोधणं, आठवण करून देणं हे सगळं त्यात येतं. हा आकडा बहुतेक अंदाजपत्रकांत नसतो, आणि मग तो डिझायनरच्या रात्रींतून वसूल होतो.

स्टोरीबोर्डचे २७ तास दोन बाजूंनी तपासले आहेत. ४० स्क्रीन, प्रत्येकी साधारण ४० मिनिटं, म्हणजे २७ तासांच्या जवळ. दुसरी बाजू तीन अंदाजांची: सगळं सुरळीत गेलं तर १५ तास, नेहमीसारखं गेलं तर २५, आणि मजकूर अर्धवट मिळाला तर ४७. मधल्या आकड्याला चारने गुणा, तिन्ही मिळवा, सहाने भागा: २७. अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पात १९५०च्या दशकाच्या शेवटी तयार झालेल्या पर्ट या वेळेचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीतलं हे सूत्र आहे आणि स्टोरीबोर्डलाही चालतं. सूत्रापेक्षा ‘सगळं बिघडलं तर किती?’ हा प्रश्न स्वतःला विचारणं जास्त उपयोगाचं.

बाहेरचा एक ताळा हवा असेल तर चॅपमन अलायन्स या सल्लागार संस्थेचा २०१० सालचा अभ्यास घ्या. मध्यम पातळीच्या इंटरॅक्टिव्ह ई-लर्निंगसाठी एका तासाच्या कोर्समागे सरासरी १८४ तास असं त्यात निघालं होतं. म्हणजे ४५ मिनिटांना १३८. आपले १६१ त्याहून थोडे जास्त आहेत, आणि विषय नियमांचा असल्यामुळे तपासणी जड आहे, तेव्हा आकडा ठीक वाटतो. जुन्या सरासरीवरून किंमत मात्र ठरवू नका. तिचा उपयोग आपला अंदाज फार भरकटला नाही ना, एवढंच पाहायला.

तास आणि दिवस एकच नव्हेत. आठ तासांच्या नोकरीत डोकं लावून करायचं काम पाच तासांच्या वर सहसा होत नाही. तुमचे ८४ तास म्हणजे साधारण १७ कामाचे दिवस. तरीही कोर्सला नऊ आठवडे लागतात, कारण उरलेला वेळ वाट बघण्याचा असतो. वेळापत्रकात या वाट बघण्यालाही ओळ द्यावी लागते.

वेळापत्रक मागून पुढे आणा

सुरुवातीच्या तारखेपासून मोजत गेलात तर शेवट हवेत राहतो. कोर्स ज्या दिवशी हवा तिथून मागे या. बँकेसाठी मार्च म्हणजे वर्षअखेर. त्या महिन्यात काउंटरवरचा माणूस कोर्सही करणार नाही आणि विषयतज्ज्ञ फोनही उचलणार नाही. म्हणून कोर्स १५ फेब्रुवारीपर्यंत हवा असं धरा. नऊ आठवडे मागे गेलं की १४ डिसेंबर. त्यानंतर सुरू झालेलं काम मार्चमध्ये जाऊन पडतं, हे क्लायंटला नोव्हेंबरमध्येच सांगायला हवं. गणपतीचे आणि दिवाळीचे दिवस मध्ये येत असतील तर त्या आठवड्यांत मंजुरीचं काम शून्य धरा.

पहिल्या आठवड्यात बैठक, एका शाखेत अर्धा दिवस बसून काउंटरवरचं काम बघणं, आणि ते एक पान. दुसऱ्यात रूपरेषा आणि चार स्क्रीनचा नमुना. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या भागाचा स्टोरीबोर्ड तपासणीला जातो, तो तिकडे असताना तुम्ही दुसरा भाग लिहिता. चौथ्यात दुसरा भाग जातो, पहिला मंजूर होऊन ग्राफिक्सला लागतो. पाचव्याच्या शुक्रवारी तिन्ही भागांवर सही. सहाव्यात रेकॉर्डिंग आणि बांधणी, सातव्यात पूर्ण कोर्सची तपासणी, आठव्यात दुसरी तपासणी आणि शाखेत चाचणी. नववा आठवडा मोकळा.

हा मोकळा आठवडा शेवटी, एकत्र आणि उघडपणे ठेवा. प्रत्येक कामात एकेक दिवस लपवून ठेवला की तो त्या-त्या कामातच विरून जातो.

तिन्ही भागांचा स्टोरीबोर्ड एकदम पाठवण्याचा मोह टाळा. ४० स्क्रीनची फाइल बघून विषयतज्ज्ञ ती ‘निवांत बघू’ म्हणून बाजूला ठेवतो. १३ स्क्रीनची फाइल जेवणानंतरच्या तासाभरात होते. शिवाय पहिल्या भागात मिळालेले शेरे तिसरा भाग लिहिताना कामी येतात.

चार स्क्रीनचा नमुना दुसऱ्याच आठवड्यात

एक माहितीची स्क्रीन, एक प्रसंगावर आधारित प्रश्न, एक क्लिक करून उघडण्याची स्क्रीन आणि चाचणीतला एक प्रश्न. मजकूर कच्चा चालेल, पण फॉन्ट, रंग, बटणं आणि आवाज खरे हवेत. क्लायंटला ‘कसं दिसेल’ ते इथे कळतं आणि रंगांवरचा वाद ४० स्क्रीन बनण्याआधी संपतो.

हाच नमुना पॅकेज करून बँकेच्या एलएमएसवर चढवा. अर्धा कोर्स बघून बंद करा, पुन्हा उघडा. तिथूनच सुरू होतो का? चाचणीत नापास झाल्यावर नोंद बरोबर पडते का? स्कॉर्म १.२ मध्ये कोर्सची मधली स्थिती साठवायला ४०९६ अक्षरांचीच जागा असते. लांब, भरपूर इंटरॅक्शन असलेल्या एकाच पॅकेजमध्ये ती भरून जाते आणि शिकणाऱ्याला पुन्हा पहिल्या स्क्रीनवर यावं लागतं. चार स्क्रीनच्या नमुन्यात हे दिसणार नाही, पण एलएमएस कोणतं स्कॉर्म स्वीकारतं ते कळेल. त्यावरून तीन भागांची तीन पॅकेजेस करायची की एकच, हे वेळेत ठरवता येतं.

शाखेतल्या भेटीत आणखी एक गोष्ट बघा: काउंटरवरच्या संगणकाला हेडफोन आहेत का? बऱ्याचदा नसतात. मग निवेदन कितीही छान असलं तरी कोर्स मुक्यानेच बघितला जाणार. अशा वेळी कॅप्शन सुरुवातीपासून योजनेत आणि अंदाजात हवेत. शेवटी घाईने जोडलेले कॅप्शन स्क्रीनवरच्या बटणांवर येऊन बसतात.

एक आकडा किती ठिकाणी राहतो

केवायसीच्या नियमांनुसार ग्राहकाची माहिती ठरावीक काळाने अद्ययावत करावी लागते: जास्त जोखमीच्या ग्राहकाची किमान दर २ वर्षांनी, मध्यम जोखमीची ८, कमी जोखमीची १० वर्षांनी. चौदाव्या स्क्रीनवर कमी जोखमीसमोर चुकून ८ लिहिलं गेलं असं समजा.

स्टोरीबोर्डच्या टप्प्यावर ही दुरुस्ती एका मिनिटाची आहे. रेकॉर्डिंगनंतर तोच आठ सहा ठिकाणी बसलेला असतो: निवेदनात, स्क्रीनवरच्या तक्त्यात, कॅप्शनमध्ये, चाचणीतल्या प्रश्नाच्या पर्यायात, चुकीच्या उत्तरावर येणाऱ्या खुलाशात, आणि छापून काउंटरवर चिकटवायच्या मदतपत्रिकेत. निवेदकाला पुन्हा बोलवायचं. एका वाक्यासाठीही स्टुडिओ किमान तासाचे पैसे लावतो. दुसऱ्या दिवशीचा आवाज आधीच्या आवाजाशी जुळत नाही, म्हणून पूर्ण परिच्छेद घ्यावा लागतो. मग ॲनिमेशनची वेळ पुन्हा जुळवायची, पॅकेज पुन्हा काढायचं, पुन्हा चढवायचं, पुन्हा तपासायचं. एक दिवस सहज जातो. सहापैकी एक जागा राहून गेली, तर कोर्स शिकवतो १० आणि चाचणीत बरोबर ठरतं ८.

म्हणून स्टोरीबोर्डसोबत ‘बदलू शकणाऱ्या गोष्टी’ असं एक वेगळं शीट ठेवा. प्रत्येक आकडा, मुदत, रक्कम, दस्तऐवजाचं नाव एका ओळीत. पुढे ती कोणकोणत्या स्क्रीनवर, कोणत्या ऑडिओ फाइलमध्ये, कोणत्या प्रश्नात आहे. आणि ती कोणत्या परिपत्रकातून, कोणत्या तारखेच्या, घेतली. रिझर्व्ह बँकेने केवायसीचे मुख्य निर्देश २५ फेब्रुवारी २०१६ रोजी काढले आणि त्यानंतर त्यांत अनेकदा दुरुस्त्या झाल्या. आधारबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २०१८ मध्ये आला, त्यानंतर २०१९ मध्ये नियम बदलले. तुमचा कोर्स चालू असताना असं काही होणार नाही याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. शीट असेल तर बदल शोधायला दहा मिनिटं लागतात.

नियमावर अवलंबून असलेला आकडा शक्यतो निवेदनात बोलूच नये, हा त्याहून पक्का उपाय. निवेदक म्हणेल, ‘किती वर्षांनी, ते तक्त्यात पाहा’. आकडा फक्त तक्त्यात राहील.

तपासणीची फेरी कशी चालवायची

फेऱ्या दोनच, प्रत्येक तीन कामाच्या दिवसांची. फाइल सोमवारी सकाळी गेली तर शेरे बुधवारी संध्याकाळपर्यंत. फाइल पाठवताना काय तपासायचं तेही लिहा. नुसतं ‘कृपया पाहून कळवा’ लिहिलं तर अनुस्वारांवर वीस शेरे येतात आणि चुकीचा नियम तसाच राहतो.

‘मॅडम, नमस्कार. भाग १ चा स्टोरीबोर्ड सोबत जोडला आहे, १३ स्क्रीन. कृपया तीन गोष्टी पाहाव्यात: नियम आणि आकडे बरोबर आहेत का, काउंटरवर प्रत्यक्षात असंच घडतं का, आणि चाचणीची उत्तरं योग्य आहेत का. रंग आणि चित्रं आत्ता कच्ची आहेत, ती पुढच्या फेरीत. शेरे बुधवार संध्याकाळपर्यंत मिळाले तर शुक्रवारी मंजुरीसाठी पाठवता येईल. गुरुवारी दुपारी फोन करते.’

शेरे एकाच शीटमध्ये घ्या: स्क्रीन क्रमांक, शेरा, कुणाचा, प्रकार, काय केलं, तारीख. प्रकार चारच: चूक, भाषा, आवड, नवीन मागणी. चूक लगेच दुरुस्त होते. भाषेचं सहसा ऐकावं. आवडीवर सही करणाऱ्याला विचारावं. नवीन मागणी या फेरीत हाताळायचीच नाही. ती वेगळ्या यादीत जाते. व्हॉट्सॲपवर आलेला शेरा तुम्ही स्वतः शीटमध्ये घाला आणि ‘शीटमध्ये घेतला’ असं कळवा. चार-पाच दिवसांत लोक आपणहून शीटमध्ये लिहू लागतात.

तीन दिवस उलटूनही उत्तर आलं नाही तर? ‘शेरे आले नाहीत म्हणजे मंजूर’ हा नियम नियमांच्या कोर्ससाठी धोक्याचा आहे. चुकीचा मजकूर मंजूर धरला तर त्रास शेवटी काउंटरवरच्या माणसाला होतो. त्यापेक्षा अर्ध्या तासाची भेट मागा आणि विषयतज्ज्ञाच्या शेजारी बसून १३ स्क्रीन वाचून दाखवा. हा उपाय जवळजवळ नेहमी चालतो.

नवीन मागणी आली की

लगेच ‘नाही’ म्हणू नका, लगेच ‘हो’ही म्हणू नका. तीन ओळींचं उत्तर द्या: काय करावं लागेल, किती दिवस वाढतील, आणि तारीख तीच ठेवायची तर बदल्यात काय काढावं लागेल. ‘संयुक्त खात्यांवर चार स्क्रीन वाढवता येतील. लेखन, तपासणी, रेकॉर्डिंग धरून पाच कामाचे दिवस. १५ फेब्रुवारी कायम ठेवायची असेल तर भाग ३ मधला दुसरा प्रसंग काढावा लागेल. कसं करायचं ते शुक्रवारपर्यंत कळवावं.’ निम्म्या मागण्या ‘पुढच्या आवृत्तीत घेऊ’ यावर थांबतात, आणि ज्या थांबत नाहीत त्या खरोखर गरजेच्या असतात.

मराठी कोर्सच्या खास अडचणी

मजकूर युनिकोडमध्येच मागवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल स्टोरीबोर्डमध्ये चिकटवली की अक्षरांचा चुराडा होतो, आणि रूपांतर केल्यावरही जोडाक्षरं, रफार सुटलेले असतात. असा मजकूर मिळणार असेल तर तपासून घ्यायला दोन दिवस वेगळे धरा. पॅकेज काढल्यावर ‘दस्तऐवज’, ‘प्रमाणपत्र’, ‘वर्षांनी’, ‘स्वाक्षरी’ असे शब्द शाखेतल्या खऱ्या संगणकावर उघडून पाहा. तुमच्या लॅपटॉपवर दिसणारा फॉन्ट तिथे असेलच असं नाही.

निवेदनाची संहिता स्टोरीबोर्डपासून वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि उच्चार अक्षरी लिहा: ‘२५ फेब्रुवारी २०१६’ ऐवजी ‘पंचवीस फेब्रुवारी दोन हजार सोळा’. संथ मराठी निवेदन मिनिटाला साधारण ११५ शब्द धरा. ४५ मिनिटांच्या कोर्समध्ये २८ मिनिटं निवेदन असेल तर संहिता सव्वातीन हजार शब्दांची हवी. ती साडेचार हजारांवर गेली असेल तर कोर्स जवळजवळ तासाभराचा झाला आहे. हे रेकॉर्डिंगच्या आधी मोजा.

शुक्रवारचा मेल

पाच ओळी पुरतात: या आठवड्यात काय झालं, पुढच्या आठवड्यात काय होणार, तुमच्याकडून काय हवं आणि कधीपर्यंत, काय अडलं आहे, आणि सुरू होण्याची तारीख कायम आहे की सरकली. तिसऱ्या ओळीत माणसाचं नाव आणि वार लिहा. तारीख सरकली असेल तर त्याच शुक्रवारी सांगा. पाचव्या आठवड्यात तीन दिवसांचा उशीर कळला तर क्लायंट शाखांचं वेळापत्रक बदलू शकतो. आठव्या आठवड्यात कळला तर त्याला त्याच्या वरिष्ठांसमोर उभं राहावं लागतं.

कोर्स सुरू झाल्यावर

मूळ फायली, वापरलेले फॉन्ट, कच्चा ऑडिओ, चित्रांचे परवाने, शेऱ्यांचं शीट आणि बदलू शकणाऱ्या गोष्टींचं शीट एकाच फोल्डरमध्ये ठेवा. वर्षभराने नियम बदलल्यावर कोर्स दुरुस्त करणारी व्यक्ती बहुधा तुम्ही नसाल.

मग अंदाजाच्या शीटमध्ये आणखी एक रकाना जोडा: प्रत्यक्ष लागलेले तास. स्टोरीबोर्डला २७ धरले होते, ३४ लागले. बांधणीला ३० धरले होते, २६ लागले. कारण एका ओळीत लिहा: ‘मजकूर दोन हप्त्यांत मिळाला’, ‘टेम्प्लेट आधीच तयार होतं’. असे तीन-चार कोर्स झाले की पुढचा अंदाज देताना बाहेरच्या कुठल्याही सरासरीकडे बघावं लागत नाही.